श्वासचाळणी आणि भुरक्या

ही गोष्ट २०४१ सालची. दिवाळी नुकतीच सरली होती. अमरावतीच्या कडेला असलेल्या टेकडीउद्यानाच्या कचेरीत छायाताई ढोमणे चहात खारी बुडवत बसल्या होत्या. पडद्यावरची नजर न काढता पराग कडूनं विचारलं, "ताई, तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"तुझ्या डोक्यावर. दिसत नाही का?"

"यंत्र म्हणतं, वरच्या कातळापाशी आहात."

त्या वर्षी उद्यानातल्या खांबांवर श्वासचाळण्या बसवल्या होत्या. प्राण्यानं श्वास सोडला, अंग खाजवलं, की त्याचे बारीक कण हवेत उडतात. चाळणी ते पकडून कोण येऊन गेलं ते सांगे. कर्मचारी तिथंच वावरणारे, म्हणून त्यांच्या गालाच्या आतला नमुना घेऊन यंत्राला आधीच ओळख करून दिलेली. ओळखीचं कुणी सापडलं की यंत्र पुढचं वाचत नसे.

"कालची हवा राहिली असेल," छायाताई म्हणाल्या. पण काल भाऊबीज होती आणि त्या घरीच होत्या.

टेकडीखालच्या त्यांच्या वस्तीत भाऊ नसलेल्या बायका चंद्राला नाही, टेकडीला ओवाळत. कातळावर सीताफळ ठेवायचं आणि मागं न बघता उतरायचं. वर भुरक्या राहतो, असं म्हणत. माणसाहून उंच, अंगभर भुरकट केस, रडक्या पोरासारखा आवाज. पुढं उद्यान झालं, पाळणे आले, कुल्फीच्या गाड्या आल्या आणि भुरक्या मुलांना दोन घास जास्त भरवण्यापुरता उरला.

परागनं यंत्राला कातळापाशी सापडलेला नमुना शेवटपर्यंत वाचायला लावला. वाचून झाल्यावर त्यानं पडदा छायाताईंकडे वळवला.

"हवेतल्या कणांत आईकडून आलेला जनुकांचा धागा सगळ्यांत जास्त सापडतो, ताई. यंत्र आधी तोच वाचतं. हा धागा तुमचाच आहे. तुमच्या आईचा, आजीचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माणसाचं नाही. माकडाचंही नाही."

बाहेर लख्ख ऊन होतं. पाळणे करकरत होते. मात्र टेकडीवरची सगळी वानरं झाडांवरून उतरून जमिनीवर बसली होती, कातळाकडे तोंड करून, अगदी गप्प.

"तुम्ही मार्चअखेर निवृत्त होताय," पराग हळूच म्हणाला. "तुमचा नमुना आपोआप पुसला जाईल. मग वर जो कुणी आहे तो अनोळखी ठरेल आणि जाळीवालं पथक येईल."

उन्हाळ्यात त्या पथकानं एक बिबट्या नेला होता. तो पिंजऱ्यातच मेला.

"नको पुसू."

"माझ्या हातात असतं तर सांगत बसलो असतो का?"

छायाताईंनी बहिणीच्या मुलीला फोन लावला. "मृण्मयी, माझ्या जागेसाठी अर्ज कर."

"मावशी, तूच ना म्हणालीस, या गावात कुजू नको?"

"म्हणाले. आता ये म्हणते."

"का पण?"

"आपल्यातल्या एकाला झाकायचं आहे गं. आल्यावर सगळं सांगते. तुझा धागा चालेल."

मृण्मयी आली. छायाताईंचा नमुना पुसला जायच्या आदल्या दिवशी तिचा नमुना यंत्रात गेला.

परागनं पुढं समुद्रकाठच्या गावी बदली मागून घेतली. टेकडी नको, एवढंच तो म्हणाला. छायाताई निवृत्तीनंतर फार जगल्या नाहीत, पण शेवटच्या भाऊबिजेपर्यंत काठी टेकत वर जात राहिल्या. पथक कधी आलं नाही. मृण्मयी अजून त्याच कचेरीत आहे. धागा तंतोतंत जुळतो म्हणजे आपली आणि भुरक्याची मूळ आई फार मागच्या पिढीतली नसावी, हे तिनं वाचून काढलं आणि कुणाला सांगितलं नाही.

यंदा तिला मुलगी झाली. मालीशवाली रोज बेसनाच्या गोळ्यानं बाळाची पाठ चोळते. "जाईल लव, सगळ्यांचीच जाते," असं म्हणते. पण ती लव दाट होत चालली आहे, भुरकट होत चालली आहे. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून मृण्मयी खिडकीशी उभी राहते. ही लव नाहीच गेली, तर या पोरीला वाढवायचं कुठं? इथं खाली, की वर?