जास्तीची ओळ

सुनीती पेंडसे रोज भवानीपूरहून ट्रामने डलहौसी चौकात उतरायची आणि दहाला पाच कमी असताना क्लाइव्ह स्ट्रीटवरच्या ऑफिसात पोचायची. रस्त्याचं नाव बदलून नेताजी सुभाष रोड झालं होतं, पण लेटरहेडचे जुने गठ्ठे शिल्लक होते, म्हणून बार्टन-सेन कंपनीच्या पत्रांवर अजून क्लाइव्ह स्ट्रीटच जायचं. कंपनीचं काम म्हणजे तागाच्या गाठी आणि गोणपाट गोदामांतून काढून खिदिरपूरच्या धक्क्यावर बोटींत चढवून देणं. कुठला माल कुठल्या बोटीला द्यायचा, कधी द्यायचा, यावरच धंदा उभा.

हे ठरवायचे दिनकर परचुरे. दोन वर्षांपूर्वी ते मुंबई ऑफिसातून बदलून आले होते. मराठी स्टेनो मिळाली म्हणून पहिल्या दिवशी त्यांना आनंद झाला होता, पण कामात त्यांनी कधी सलगी केली नाही. आकड्यांचा माणूस. भरती-ओहोटीच्या वेळा, बोटींची वजनं, गोदामांची भाडी समोर मांडल्याशिवाय ते मजकूर सांगायला सुरुवात करत नसत. एखाद्या पत्रात 'मला वाटतं' असे शब्द आले की लाल पेन्सिलीने खोडायचे. "वाटतं ते घरी," म्हणायचे.

मजकूर इंग्रजीत असायचा. सुनीती मान खाली घालून शॉर्टहँडमध्ये लिहायची. सात वर्षांच्या नोकरीत तिला एक कळलं होतं, की सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं की हात मागे पडतो. पडलाच, तर तो पोचेपर्यंत परचुरे न बोलता थांबायचे.

१९५२ च्या नोव्हेंबरात एका बुधवारी सहीसाठी ठेवलेलं पत्र वाचताना परचुरे थांबले.

"मिस पेंडसे, हे काय? 'गुरुवारनंतर आमची एकही गाठ सात नंबरच्या गोदामात राहू नये.' हे मी कधी सांगितलं?"

"सांगितलंत, साहेब. अगदी शेवटी. जरा हळू."

"शक्य नाही. सात नंबरमध्ये काय वाईट आहे?"

तिने वही पुढे केली. त्यांना शॉर्टहँड वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी त्या रेघांकडे निरखून पाहिलं. टपालाची थैली निघायची वेळ झाली होती. पत्र पुन्हा टाइप करायला सवड नव्हती. त्यांनी चडफडत सही केली.

शुक्रवारी दुपारी खिडकीतून दक्षिणेला पिवळट धुराचा लोट दिसला. सात नंबरचं गोदाम चार दिवस जळत होतं. इतर तीन कंपन्यांचा सगळा ताग गेला. बार्टन-सेनच्या गाठी आदल्या संध्याकाळीच हलल्या होत्या.

"बोलून गेलो असेन," परचुरे म्हणाले. "डोक्यात कुठेतरी असतं, आपल्याला पत्ता नसतो."

तिलाही ते पटलं. डिसेंबरात पुन्हा तसंच झालं. एका बोटीला सगळा माल द्यायचं पत्र होतं, आणि खाली ओळ आली, 'तूर्त निम्माच माल चढवावा.' ती बोट डायमंड हार्बरच्या खाली गाळात रुतली आणि एकोणीस दिवस हलली नाही. मुंबईहून डायरेक्टरांचं अभिनंदनाचं पत्र आलं. परचुऱ्यांनी ते तिला वाचून दाखवलं आणि किंचित लाजले.

जानेवारीत त्यांना सर्दी झाली. नाक बंद, घसा बसलेला. प्रत्येक वाक्यागणिक खाकरायचे. पत्र संपलं, 'आपला विश्वासू' झालं, आणि सुनीती पेन्सिल उचलणार तोच पुढचं वाक्य आलं. आवाज परचुऱ्यांचाच होता. हेल तोच, शब्दांमध्ये थांबायची रीत तीच. फक्त त्या आवाजाला सर्दी नव्हती.

तिने वाक्य लिहिलं, पण वर पाहायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं. साहेबांनी मजकूर संपवून चहाचा कप तोंडाला लावला होता. घोट उतरताना त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. नेमक्या त्याच वेळी तिला अख्खं वाक्य ऐकू आलं, स्पष्ट, टेबलाच्या पलीकडून, साहेब बसले होते तिथूनच. कप ओठांवरून हलला नव्हता.

सुनीती घाबरून जाणारी बाई नव्हती. वडील गेल्यावर आई आणि धाकटा भाऊ श्यामकांत यांचा संसार तिनेच ओढला होता. तिने धर्मतल्यातल्या डॉक्टरांकडून कान तपासून घेतले. कानांत काही दोष नव्हता. मग डोकं दुखतंय असं सांगून तिने एक दिवस आपल्या जागी डोरिसला पाठवलं. डोरिस अँग्लो-इंडियन होती, हात तिच्याइतकाच जलद. डोरिसची पत्रं तिने एकेक करून वाचली. कुठेही जास्तीची ओळ नव्हती.

शनिवारी ऑफिस अर्ध्या दिवसाने सुटायच्या आधी तिने परचुऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बोटांनी टेबलावर ताल धरला.

"माझाच आवाज?"

"हो."

"मला का नाही ऐकू येत?"

"ते मला कसं सांगता येईल, साहेब?"

"मुंबईत आमचे वरिष्ठ म्हणायचे, परचुरे, तुम्हाला हिशोब येतो, पण आतून काही उमगत नाही." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "उमगत होतं म्हणायचं. माझ्यापर्यंत पोचत नव्हतं इतकंच."

त्यानंतर लपवालपवी संपली. परचुरे मजकूर सांगून झाला की फाइल मिटायचे, चष्मा काढायचे आणि डोळे मिटून मिनिटभर गप्प बसायचे. मग विचारायचे, "आलं काही?" कधी यायचं, कधी नाही. आलं की ती वाचून दाखवायची आणि ते तसंच पत्रात जायचं. हळूहळू एका मिनिटाची पाच मिनिटं झाली. भरती-ओहोटीचं कोष्टक टेबलावरून कपाटात गेलं. लाल पेन्सिल दिसेनाशी झाली. फेब्रुवारी अखेरीस कंपनीने शेजारच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. श्यामकांत याच कंपनीत धक्क्यावर गाठी मोजून घ्यायच्या कामाला होता, त्यालाही बढती मिळाली.

मार्चमध्ये रंगूनला गोणपाटाचा मोठा माल जायचा होता. तिथे उतरवून घ्यायला आपला माणूस हवा, म्हणून परचुऱ्यांनी नलिनाक्ष कुंडूंचं नाव सांगितलं. कुंडूबाबू श्यामकांतचे वरिष्ठ. पन्नाशीचे, शांत, जेवणाच्या डब्यात नेहमी एक संत्रं आणणारे. श्यामकांतला टॅली शीट, म्हणजे गाठींच्या मोजणीचा तक्ता, लिहायला त्यांनीच शिकवलं होतं.

पत्र संपलं. परचुऱ्यांनी डोळे मिटले. आवाज लगेच आला, जणू वाटच पाहत होता.

'कुंडूबरोबर पेंडसेलाही पाठवावं. तिथे दोन माणसं लागतील.'

सुनीतीच्या हाताने ते लिहून टाकलं. मग पेन्सिल त्या ओळीवरच थांबली. कारण काही सांगता आलं नसतं. तीन-चार दिवसांचा प्रवास, समुद्र शांत, पगाराशिवाय वर भत्ता. आजवर त्या आवाजाची एकही गोष्ट चुकली नव्हती. तरीही तिला आतून, अगदी आतून वाटत होतं की श्यामने त्या बोटीवर पाय ठेवू नये. आणि हे सांगणारा कुठलाही आवाज ऐकू येत नव्हता.

"आलं काही?" परचुऱ्यांनी डोळे उघडले.

"नाही, साहेब."

तिने पत्र टाइप केलं. पहिल्यांदाच एक ओळ गाळली.

रात्री जेवताना श्यामकांत हिरमुसला होता. "कुंडूदा म्हणत होते, ताई, की आणखी एक माणूस हवा होता. मला वाटलं माझं नाव निघेल."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.

बोट सुटल्यावर सहाव्या दिवशी तार आली. माल पोचला होता. कुंडू पोचले नव्हते. मागून कप्तानाचं पत्र आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनचं दार आतून बंद होतं, म्हणून सुताराकडून उघडून घेतलं. आत अंथरूण घडी केलेलं, कपडे खुंटीला, टेबलावर अर्धं सोललेलं संत्रं. केबिनची खिडकी वीतभर व्यासाची. सगळी बोट शोधली. समुद्रात पडले असावेत, असं कप्तानाने लिहिलं होतं. बंद दाराबद्दल पुढे काही लिहिलं नव्हतं.

कुंडूंची बायको भावाला घेऊन ऑफिसात आली. परचुऱ्यांना बंगाली धड येत नव्हतं, म्हणून सुनीती दुभाष्याचं काम करायला बसली. बाईने रडारड केली नाही. तिने एकच प्रश्न दोनदा विचारला.

"सोबत कुणीच नव्हतं?"

"नाही, वहिनी. एकटेच होते."

"कुणी असतं तर लक्ष राहिलं असतं. यांना झोपेत उठून चालायची सवय होती."

ती गेल्यावर सुनीतीने वही काढली, मार्चचं पान उघडलं आणि परचुऱ्यांसमोर ठेवलं. गाळलेली ओळ वाचून दाखवली. आपण ती का गाळली तेही सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"श्यामकांत असता तर कुंडू वाचले असते," ते म्हणाले. मग म्हणाले, "किंवा दोघेही गेले असते."

"यातलं कुठलं खरं, साहेब?"

"कसं कळणार? त्या आवाजाने कारण कधीच दिलेलं नाही." ते वहीच्या पानावरून बोट फिरवत होते. "सात नंबरच्या वेळी आपण कारण विचारलं का? नाही. माल वाचला ना. पण एक करा. पुन्हा निवडू नका. ऐकू येईल ते सगळं लिहा."

"मला राजीनामा द्यायचाय."

"द्या. महिना अखेरीपर्यंत मात्र थांबा." आणि मग, विनवल्यासारखं, "तुमच्याशिवाय मी त्याला कसा गाठू?"

एप्रिलचा तो महिना तिने कसाबसा काढला. श्यामकांतला तिने बजबज गावातल्या एका मिलमध्ये दुसरी नोकरी शोधायला लावली. तो लोकलने जायला-यायलाही लागला. इकडे परचुऱ्यांचं बोलणं रोज कमी होत होतं. आलेल्या माणसांना ते निम्म्या वाक्यावर सोडायचे. पत्राचा मजकूर दोन ओळींवर आला, मग एका ओळीवर. त्यांच्या बायकोने, प्रतिभाताईंनी, फोन करून सुनीतीला विचारलं, "घरी चार-चार तास गप्प बसून असतात, ऑफिसात बोलतात ना?" सुनीती म्हणाली, "बोलतात."

तीस तारखेला, दुपारी तीनला, त्यांनी तिला शेवटचं आत बोलावलं. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे सोडले होते. खोलीत गारवा होता आणि वाळ्याचा वास. टेबलावर एकही फाइल नव्हती.

"आज मी काही सांगणार नाही," परचुरे म्हणाले. "तुम्ही फक्त लिहा."

त्यांनी चष्मा काढला, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

सुनीती वही उघडून बसली. खालच्या रस्त्यावर एक हातगाडी खडखडत गेली. मग शांत झालं.

आवाज आला. या वेळी तो ओळ-दोन ओळींचा नव्हता. त्याने पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली, अगदी परचुऱ्यांच्या पद्धतीने, आधी तारीख, मग नाव.

'श्री. नलिनाक्ष कुंडू यांस.'

तिने पत्ता ऐकायला पेन्सिल रोखली. पत्ता आला नाही.

'आपलं पत्र मिळालं. मजकूर कळला.'

तिने मान वर केली. परचुऱ्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. छाती संथपणे वरखाली होत होती. चेहऱ्यावर कुठलीच हालचाल नव्हती.

'तिथे एकट्याने काम उरकत नाही, हे आपण लिहिलंत. आमच्या ध्यानात आहे. दोन माणसं लागतील हे आम्ही आधीच कळवलं होतं.'

तिने मान पुन्हा खाली घातली. हात लिहीत राहिला.

'दुसरा माणूस लवकरच निघेल. त्याचं नाव.'

नावं परचुरे नेहमी एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून सांगत, म्हणजे टाइप करताना चूक होऊ नये.

'पी.'

सुनीतीने पेन्सिल टेबलावर ठेवली. दोन्ही तळवे वहीवर पालथे दाबून धरले. समोर परचुरे डोळे मिटून बसले होते. 'पी'वरून पेंडसे होतं, श्यामचं आणि तिचं स्वतःचंही, आणि दारावरच्या पितळी पाटीवरचं परचुरेही.

पुढचं अक्षर आलं नाही.

आवाज थांबला होता. परचुऱ्यांच्याच पद्धतीने, लिहिणाऱ्याचा मागे पडलेला हात पोचायची वाट पाहत.