भिंतीवरची रोटी

चहा ओता आणि दार लोटून घ्या. माझ्या शेजारच्या एल्मुरोदची गोष्ट आहे. कोकंद शहराबाहेरच्या आपल्याच गल्लीत घडलेली, गेल्या जानेवारीत, सतरा तारखेच्या रात्री.

संध्याकाळी तो आईच्या झोपेच्या गोळ्या घेऊन आला आणि फाटकाला कुलूप लावलं. त्या आईची, सओदतआजीची, स्मरणशक्ती जाऊन तीन वर्षं झाली होती. पोटच्या एल्मुरोदला ती चौकीदार समजायची. दोनदा रात्री उठून कालव्यापर्यंत गेली, तेव्हापासून किल्ली त्याच्या गळ्यात. बायको मुहब्बत म्हणायची, "अहो, आजारी एक आणि कैदी तिघं!"

आजीला आठवायचा तो फक्त थोरला, हमदम. चाळीस वर्षांपूर्वी अफगाणिस्तानच्या लढाईवर निघताना त्याने रोटीचा एक चावा घेतला आणि आईने उरलेली भिंतीवर टांगली. परत येऊन त्यानेच ती संपवायची, असा आपला रिवाज. तो आला नाही. रोटी विटेसारखी कडक झाली.

त्या रात्री दोन वाजता आजी उठली.

"चौकीदार, फाटक उघड. हमदम आलाय."

"कोणी नाही आलं, आई. झोप."

"थंडीत उभं केलंस त्याला? तुला आई नाही का रे?"

एल्मुरोदला ते लागलं. रोजच लागायचं.

तेवढ्यात फाटकावर थाप पडली.

मग दुसरी...

मुहब्बत उठून बसली. "अहो... वारा असेल."

वारा नव्हता. बर्फ सरळ पडत होता.

उघडलं, तर आई कालव्याकडे धावणार. नाही उघडलं, तर... बाहेर खरंच भाऊ असला तर?

"कोण आहे?" त्याने घरातूनच हाक दिली.

...

"कोण?"

त्याने उघडलं नाही. किल्ली मुठीत आवळून आईच्या दाराला पाठ लावून बसला, तो उजाडेपर्यंत.

बर्फ थापेनंतर लगेच थांबला होता, तरी सकाळी अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं. कुलूप जसंच्या तसं. आजी त्याच्याकडे बघून हसली.

"एल्मुरोद," ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा! "भुकेला होता रे तो. बरं झालं, तू उघडलंस."

मुहब्बतने भिंतीकडे बोट दाखवलं. रोटीवर जुन्या चाव्याशेजारी दुसरा चावा... दातांच्या खुणा स्पष्ट. मी स्वतः जाऊन पाहिल्या. आणि सओदतआजीच्या तोंडात दहा वर्षं झाली, एकही दात नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजीसाठी तो पुन्हा चौकीदार झाला. कुलूप रोज लावतो, पण झोपत नाही. थापेची वाट बघत बसतो बिचारा.

रोटी अजून अर्धी शिल्लक आहे.