कोरम नसलेला उत्सव

“आलात? बसा,” रजिस्टरमधून डोकं वर न काढताच क्षमा म्हणाली.

दारातला तरुण गोंधळला. “मी... नळाची तक्रार द्यायला आलोय. श्यामकांत परब, तिसरा मजला. नवीनच —”

“मे महिन्यात गावाला जाणार?”

“अजून ठरलं नाही.”

“मग आजपासून तुम्ही उत्सव समितीत.”

“आणि नळ?”

“ती समिती गावाला गेलीय.”

मुलुंडच्या त्या सहनिवासाचा उन्हाळी उत्सव मे महिन्यात होई, कारण मुलांना तेव्हा सुट्टी असे. आणि मुलांना सुट्टी म्हणून मे महिन्यात सगळा सहनिवास कोकणात जाई. ही विसंगती अकरा वर्षांत कुणाच्याच लक्षात आली नव्हती. कुणाच्या आली असेल, तर तोही गावाला गेला असावा. अध्यक्ष राजारामकाका देवगडहून कार्ड पाठवत : ‘दोरीखेच जोरात व्हावी.’ दोरी होती. खेचायला माणसं नव्हती.

सभेला पाच जणांचा कोरम लागे. तो नसला तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग हजर असतील तेवढ्यांत उरकायची, असा नियम होता. समितीची सचिव क्षमा नियमाची पक्की. सहा वाजता दोघं बसत, सभा तहकूब होई, आणि साडेसहापर्यंत उत्सवाबद्दल अवाक्षर काढायची बंदी. मग बोलायचं काय?

पहिल्या सभेत तो उकाड्याबद्दल बोलला. दुसरीत ट्रॉम्बेच्या नोकरीबद्दल. तिसरीत त्यानं विचारलं, “तुम्ही कधी हसता की नाही?”

“साडेसहानंतर. विषयपत्रिकेत असेल तर.” पण ओठांचा कोपरा जरा हललाच... त्यानं तो पाहिला, हे तिनं पाहिलं आणि रजिस्टरचं पान उगाचच उलटलं.

चौथ्या सभेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, आणि संगीत खुर्चीसाठी स्पर्धक अडीच मिळाले होते. अर्धा म्हणजे वॉचमनचा मुलगा, त्याला खुर्चीवर चढता येत नव्हतं.

पाचव्या सभेला श्यामकांत उशिरा आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला.

“मी परवा कणकवलीला चाललोय. मावशीनं मुलगी पाहून ठेवलीय.”

उत्सव चार दिवसांवर होता. क्षमानं पेन खाली ठेवलं.

“वा! झकास! म्हणजे तूसुद्धा. मग लाउडस्पीकरवाल्याला कोण भेटणार? पताका? लिंबू-चमचा?”

“एवढंच?”

“एवढंच कसं रे? भाषणाला पाहुणे, त्यांना नारळ —”

“नारळ आणून ठेवतो. आणखी काही?”

“काही नाही. जा.” तिनं रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. “जाऊ नकोस.”

“हे समितीच्या वतीनं?”

“समिती गेली खड्ड्यात!” ती एवढ्या जोरात ओरडली की जिन्यावरचं मांजर पळालं. “तीन वर्षं मी एकटी मरतेय. पहिल्यांदाच कुणीतरी सहा वाजता येतं, आणि मला पाचपासून घड्याळ बघावंसं वाटतं... कळतंय का काही? की तेही लेखी देऊ?”

श्यामकांत हळूच म्हणाला, “मावशीला तार करायला हवी. मुलगी पाहिली, पसंत आहे — म्हणून.”

“कणकवलीची?”

“नाय गो... मुलुंडची.”

“आणि मुलीला विचारलंस?”

“विचारतोय ना...”

“मग विचार! दोन मिनिटं उरलीत. साडेसहाला सभा आहे.”

त्यातलं दीड मिनिट त्यानं घसा खाकरण्यात घालवलं. मग “म्हणजे... तसं बघायला गेलं तर...” इथपर्यंत तो पोचला आणि तिथेच थांबला.

क्षमानं कपाळावर हात मारला. या सहनिवासात शेवटी सगळं तिलाच करावं लागे. उरलेल्या अर्ध्या मिनिटात तिनं प्रश्नाची वाट न बघता ‘हो’ म्हणून टाकलं.