फिडल थांबल्यावर आलेली हाक

ही ऐकीव गोष्ट नाही. धामापुरात विचारून बघा. जुनी माणसं लगेच विषय बदलतात.

१९६९ साल. भाद्रपदातली अमावास्या. तिन्हीसांजेची वेळ.

माझे सत्यवानमामा ओटीवर बसले होते. त्यांचा एकुलता मुलगा गुरुदास त्याच पावसाळ्यात मुंबईत तापाने वारला. तो एका ऑर्केस्ट्रात फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. नाच्यांना माझ्या घरात जागा नाही, असं म्हणून मामांनीच त्याला घालवलं होतं. त्याचं फिडल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

आता एकदा तरी ऐकायचं होतं.

गुरुदासचा ऑर्केस्ट्रातला जोडीदार भाई त्या दोघांच्या ऑर्केस्ट्राची रेकॉर्ड आणि सेलवर चालणारा प्लेअर घेऊन आला.

"काका, सगळी रेकॉर्ड काय बरी नाय हां," तो म्हणाला. "पयलीच आमची. दोन गाणी जमली. बाकीच्यात गिटारीन फिडल खाल्ल्यान."

मथुरामामी दारातूनच बोलल्या, "तो जितो होतो तेव्हा आयकलात नाय. आता सेल घालून आयका."

तबकडी फिरू लागली. नुसता ढोलताशांसारखा गोंगाट. मामा कान देऊन बसले.

मग शेवटचं गाणं लागलं. गिटार मागे सरली. फिडल एकटं वाजू लागलं.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि फिडल थांबलं...

रातकिडेही थांबले...

"आये..."

गुरुदासचा आवाज. प्लेअरमधून नव्हे. अंगणातून.

मामींनी 'ओ' द्यायला तोंड उघडलं. मामांनी झडप घालून ते दाबून धरलं. आपल्याकडे तिन्हीसांजेच्या एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते एकदाच हाक मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं.

सगळे दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले.

ती आली नाही.

त्या गाण्यात कोणी बोललंच नव्हतं, असं भाई शपथेवर सांगत होता. पुन्हा लावलं, तेव्हा फिडल कुठेही थांबलं नाही.

मामांनी बायकोला वाचवलं, असं गाव म्हणतं. मामी एवढंच म्हणाल्या, "तेका दोनदा घालवलात."

त्यानंतर त्या मामांशी कधी बोलल्या नाहीत. मरेपर्यंत.

त्या गेल्यावर मामा रोज संध्याकाळी ती रेकॉर्ड लावत. मी शेजारी बसून ऐकलंय. शेवटच्या गाण्यात, त्या दिवशी फिडल थांबलं होतं ती जागा आली, की अंगणाकडे बघून म्हणत...

"ओ."

हाक आलेली नसायची.

निदान मला तरी ऐकू आली नव्हती.