शांततेचा नमुना

"यात कोणीतरी श्वास घेतंय," डॉ. मुजावर म्हणाले आणि त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा मागे नेलं.

सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतली त्यांची ध्वनी-प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या गोदामात उभी केलेली बंद खोली. भिंतींना फोमच्या पाचरी, आणि शांतता इतकी की नव्या माणसाला स्वतःच्या मानेची शीर ऐकू यावी. त्या शांततेत पद्मजा येमूलचा आवाज खोल समुद्रातल्या माशांविषयी वाचत होता. आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, कोणी तिच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावत असावं तसा, दुसरा एक श्वास चालू होता. आत जाताना बारीक शीळ, बाहेर येताना 'हं'. पुन्हा शीळ, पुन्हा 'हं'.

"ते आमचे अप्पा," पद्मजा ओशाळून म्हणाली. "पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढलीत, सर. छातीत कापूस बसलाय. मी वाचते तिथून चार हातांवर त्यांचा पलंग आहे."

एका श्राव्य ग्रंथालयाने तिला अठरा खंडांचा विश्वकोश वाचायला दिला होता. दोन वर्षांचं काम, तेही घरबसल्या. वडिलांना एकटं सोडून कुठे जायला नको. पण पहिली तीन प्रकरणं परत आली, सोबत एका ओळीचा शेरा: 'मागचा श्वास काढावा, अन्यथा काम थांबवावं लागेल.' तो शेरा नेमका अप्पांच्याही नजरेस पडला. "मी जिन्यात जाऊन बसू का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाप लागणाऱ्या बापाला जिन्यात बसवून मिळवलेला घास घशाखाली कसा उतरायचा! म्हणून ती परवडेल असा एखादा माईक शोधत इथवर आली होती.

"थोडी ओढाताण करून महागातला घेऊ का?" तिने विचारलं.

मुजावर हसले. "तीच तर सगळ्यांची चूक. कंडेन्सर माईक म्हणजे काय? धातूच्या चकतीसमोर ताणलेला एक पातळ पडदा. आवाजाने पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर बदलतं, तसा त्यांच्यावरचा विद्युतदाब बदलतो, आणि तोच आपण आवाज म्हणून साठवतो. माईक जितका भारी, तितका पडदा हळवा. साठ हजारांचा घ्याल तर अप्पांच्या श्वासाबरोबर पलंगाची करकरही येईल."

"आणि स्वस्तातला?"

"तो स्वतःच सूं-सूं करतो. रोगापेक्षा औषध भयंकर." त्यांनी खणातून अंगठ्याएवढा राखी माईक काढला. "हा बघा की. आमचा पूर्ववेधी माईक. पडदा स्वस्तातलाच, पण त्याच्यामागे डोकं बसवलंय. त्याला दहा मिनिटं खोलीची शांतता ऐकवायची. त्या शांततेत जे जे ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा येतं, ते तो शिकतो. आम्ही त्याला शांततेचा नमुना म्हणतो. मग पुढचा आवाज कधी येणार हे तो आधीच ताडतो आणि त्याच क्षणी त्याचा उलटध्वनी मिसळतो. लाटेला तेवढाच खड्डा. दोन्ही मिळून सपाट. लय थोडी मागेपुढे झाली तर जुळवूनही घेतो."

अप्पांचं दुखणं बळावेपर्यंत पद्मजा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. तिने नेमकं बोट ठेवलं. "पण ताडलेला आवाज आलाच नाही तर?"

"वा!" शंका काढणारी माणसं मुजावरांना फार आवडत. त्यांनी टेबलपंखा लावला, माईकला तो पुरेसा ऐकवला आणि पद्मजाच्या कानांवर हेडफोन चढवला. पंखा डोळ्यांसमोर गरगरत होता, कानात मात्र काही नव्हतं. मग त्यांनी पंखा बंद केला. पाती मंदावली, थांबली, आणि तिच्या कानात पंखा सुरू झाला.

ती दचकून मागे सरली.

"लाट गेली, खड्डा उरला," मुजावर म्हणाले. "लाट उलटी असो की सुलटी, कानाला सारखीच. घाबरू नका. खरा आवाज थांबल्यापासून तासाभरात माईक जुना नमुना विसरतो आणि हा आवाज विरून जातो."

"आणि अप्पांना खोकल्याची उबळ आली तर? हाक मारली तर? मी कान झाकून बसते, सर. बाहेरचं मला फक्त माईकमधूनच कळतं."

"हाक काय कोणी लयीत मारतं का? ठरावीक असेल तेवढंच जाईल. जे बदलेल ते ऐकू येईल. ही माझी हमी."

त्या हमीवर विसंबून तिने माईक घेतला.

घरी तिची वाचायची जागा म्हणजे दोरीवर दुहेरी टाकलेल्या चादरींचा आडोसा. अप्पांनीच कधीकाळी विणलेल्या मोराच्या नक्षीच्या जाड चादरी. त्यांच्याइतका आवाज दुसरं काही अडवत नसे. तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, फ्रीज बंद केला आणि म्हणाली, "अप्पा, दहा मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या बरं का."

"नेहमीसारखा घ्या म्हटल्यावर अडखळणारच की गं!" अप्पा म्हणाले आणि खरंच अडखळले. शेवटी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिने नमुना घेतला.

संध्याकाळी तिने त्यांना पंख्याची गंमत सांगितली. अप्पांना तिचं मुळीच नवल वाटलं नाही.

"यात नवीन काय हाय? आमच्या कारखान्यात साठ माग चालायचे. एकाचाबी आवाज कानात शिरायचा न्हाई. पण माझा माग थांबला की झोपेतबी जाग यायची. चालता माग कोण ऐकतंय पद्मा? थांबलेला ऐकू येतो."

काम सुरळीत सुरू झालं. ग्रंथालयाचा निरोप आला: 'आता स्वच्छ.' तीन आठवड्यांत नऊ प्रकरणं झाली. वाचन संपवून ती हेडफोन काढी, तेव्हा चादरींपलीकडून सगळ्यांत आधी शीळ येई, मग 'हं', आणि तिला बरं वाटे. दिवसभर पुसून टाकलेला बाप संध्याकाळी परत मिळाल्यासारखं वाटे.

त्या मंगळवारी सकाळी अप्पांनी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि "वाच तू निवांत," म्हणाले. पद्मजा वाळवंटाचं प्रकरण वाचायला बसली. चौदाव्या पानावर, वाक्य संपवून ती थांबली असताना, हेडफोनमध्ये शीळ आली. मग 'हं'.

तिच्या कपाळाला आठी पडली. स्वस्त ते शेवटी स्वस्तच! पण प्रकरणाची दोनच पानं उरली होती. ती पुरी करावी आणि मग मुजावरांना फोन लावावा असं ठरवून ती वाचत राहिली. तो श्वास तिच्या सोबत चालला. संथ, मोकळा, कुठेही न अडकणारा. आज अप्पांचा दम चांगला आहे, असंही तिच्या मनात आलं आणि त्या रागातही तिला समाधान वाटलं. दोन पानांना सहा मिनिटं लागली.

मग मुजावरांना सांगायचं म्हणून तिने वहीत टिपलं: 'माईक बिघडला. नमुन्यातला आवाज मला ऐकू येतो आहे.'

स्वतःचंच वाक्य तिने पुन्हा वाचलं. तिला मंदावत, थांबत गेलेली पाती दिसली.

तिने हेडफोन उतरवला. चादरींपलीकडून काहीही ऐकू येत नव्हतं.

चादर बाजूला सारली तेव्हा अप्पा कुशीवर होते, तिच्याच दिशेला तोंड करून. पंच्याचा बोळा त्यांनी दोन्ही हातांनी ओठांवर घट्ट दाबून धरला होता. उबळ आली असणार. ती माईकमध्ये जाऊ नये, पोरीचं वाचन नासू नये, म्हणून त्यांनी ती तिथेच अडवली होती. हात अजून उबदार होते. पद्मजाने त्यांना उताणं केलं, छाती दाबली, तोंडात वारा भरला, "अप्पा, मोठ्यांदा खोका! अहो, कितीही खोका!" असं ओरडत राहिली. बोलावलेली रुग्णवाहिका चौदा मिनिटांत आली. तरुण डॉक्टरने नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि यंत्राच्या तारा परत गुंडाळल्या.

"पाच-सहा मिनिटं आधी कळलं असतं तर," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही घरातच होतात ना?"

"चार हातांवर," पद्मजा म्हणाली.

खोली अगदी निःशब्द झाली आणि डॉक्टरने एकाएकी मान वळवली. मोराच्या चादरीमागून बारीक शीळ येत होती. मग 'हं'. पुन्हा शीळ.

"आत कोणी झोपलंय का?" त्याने विचारलं.

पद्मजाने नाही म्हणून मान हलवली. खुर्चीवर लटकणाऱ्या हेडफोनमध्ये अप्पा दुपारची झोप घेत होते. माईक बंद करायला तिचा हात उचलेना. तासातली चाळीस मिनिटं अजून उरली होती.