ओल्या कचऱ्याचे परीक्षक

आमची बादली नापास झाली, त्या सकाळी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

ओल्या कचऱ्याची हिरवी बादली फाटकाबाहेर ठेवायची, गाडी त्यातला कचरा घेऊन जाते आणि त्याचं खत होतं, अशी नवी पद्धत आमच्या गल्लीत नुकतीच सुरू झाली होती. गाडीच्या पुढे तपासनीस यायचा. झाकण उघडून बघायचा, आणि प्लास्टिक सापडलं की कडीला लाल फीत बांधून बादली तशीच सोडून जायचा. आमच्या कडीला ती फीत बघून माझं डोकंच फिरलं. चहाचा चोथा, सालं, देठ – सगळं मी स्वतः निवडून टाकलं होतं.

"अहो, थांबा जरा. काय चुकलंय ते दाखवून जा."

तो वळला. पाऊस भुरभुरत होता, केसांवरून थेंब ओघळत होते... आणि चष्मा एका बाजूला कललेला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझी नजर आधी तिथेच जाते. त्याने बादलीतून सफरचंदाचं साल उचललं. त्यावर नखाएवढं स्टिकर होतं.

"एवढ्याशासाठी?"

"एवढंसंच खतात वर्षानुवर्षं तसंच राहतं."

"आणि तुमचा चष्मा वाकडा आहे, त्याला कुठली फीत बांधायची?"

तो हसला. आता काय सांगू, माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी दांडी सरळ केली आणि मीच तो त्याच्या नाकावर चढवला. बोट कानाला लागलं... तो बादलीत बघायचंच विसरून पुढच्या दारी गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनीने सगळं पाहिलं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'परीक्षक'.

"लोक आरशात बघून दाराशी जातात," ती म्हणायची, "आमच्या वन्सं बादलीत बघून जातात."

"आज काय सापडलं?" मी रोज विचारायची.

"काहीच नाही."

"वाईट वाटल्यासारखं सांगताय."

"वाटतंच. चूक सापडली की जरा जास्त थांबता येतं."

असं कोणी बोललं की माणसाने काय करावं? मी नुसतीच हसायची आणि बादलीचं झाकण उगाच दाबून बसवायची.

मग एकदा तो अडखळत म्हणाला, "रविवारी खताच्या कारखान्यावर याल? कसं तयार होतं ते दाखवतो. वास... म्हणजे, सवय झाली की येत नाही."

"कोणाकोणाला आणू?" मी विचारलं. मूर्खच मी.

तो गडबडला. "तुम्ही... म्हणजे, आणा हवं त्यांना."

मला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं, म्हणूनच तर घाबरले. एकटी गेले म्हणजे होच म्हटल्यासारखं, आणि होच तर म्हणायचं होतं – पण तोंडाने कसं म्हणायचं? वहिनी कानीकपाळी ओरडली, "एकटी जा." मी कसली ऐकते! रविवारी मी वरातच घेऊन गेले. वहिनी, कोपऱ्यावरचे शिंपीकाका, समोरच्या नर्सताई, त्यांच्या सासूबाई, आणि आमचे बाबासुद्धा.

तो कारखान्याच्या दाराशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. आमची पलटण बघून त्याचा चेहरा पडला. पण लगेच सावरून त्याने सगळ्यांना अगदी मन लावून हिंडवलं. ढिगांतून वाफा निघत होत्या. एका ठिकाणी त्याने मूठभर तयार खत माझ्या ओंजळीत घातलं. कोमट होतं ते, आणि वास ओल्या मातीचा. मी वर बघितलं, तो माझ्याकडेच बघत होता... तेवढ्यात शिंपीकाकांनी विचारलं, "चिंध्या चालतात का हो यात?"

निघताना तो हळूच म्हणाला, "आलात, बरं वाटलं."

"सगळ्यांनाच आवडलं हं," मी म्हणाले. 'मला' म्हणायला माझं काय जात होतं, देव जाणे.

त्या सहलीने गल्ली पार बदलली. सासूबाई सुनेच्या बादलीवर पहारा द्यायला लागल्या. शिंपीकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला धडे देत. मीही त्याला बरं वाटावं म्हणून दारोदार फिरून लोकांच्या बादल्या निवडून देत होते. लाल फीत दिसेनाशी झाली.

आणि एका सकाळी तो हातमोजे न घालताच आला.

"तुमची गल्ली पास झाली. उद्यापासून नुसती गाडी येईल, तपासनीस लागणार नाही."

"म्हणजे तुम्ही...?"

"नदीपलीकडच्या वस्तीत. तिकडे अजून सगळेच नापास आहेत."

"हे आधी सांगायचं ना. रोज एक पिशवी टाकली असती मी."

तो हसला नाही. मी घाईघाईने म्हणाले, "नदीपलीकडे म्हणजे काही सातासमुद्रापार नाही. या रविवारी मी येते कारखान्यावर. एकटी येते."

"त्या रविवारी मी तुम्हाला विचारणार होतो," तो म्हणाला. "तुम्ही अख्खी गल्ली आणलीत. मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. आईने एक स्थळ कधीपासून लावून धरलं होतं... मी हो म्हणून टाकलं."

"चांगली आहे का ती?"

"चांगली आहे. लग्नाच्या तयारीला लागलीये."

"मग ऐका," मी म्हणाले. आवाज कापत होता, कापू दे. "मला तुम्ही आवडता. फार आवडता. ते उत्तर नव्हतं, मी घाबरले होते. तुम्ही शब्द दिलाय, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण चुकीचं समजून जाऊ नका."

त्याने फाटकाची कड घट्ट धरली. "उशीर केला हो आपण," तो म्हणाला. मागे गाडी येऊन उभी राहिली होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तो गेला.

मी आत आले. वहिनी ओट्याशी कांदा चिरत होती, बाबा पेपर वाचत होते.

"काय म्हणतायत परीक्षक?" वहिनीने विचारलं.

"म्हणाले, आपली गल्ली पास झाली."

वहिनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. बाबा मात्र मनापासून खूश झाले.

"होणारच," ते म्हणाले. "सगळी तुझीच मेहनत."