आईची गाठ

त्या दिवशी मी आईकडे फक्त डबा द्यायला गेले होते. कळण्याची भाकर आणि शेवभाजी. आई नवागामला, मी कोसाडला, शहराच्या दोन टोकांना. दोन रिक्षा बदलेपर्यंत भाजीचा रस्सा पिशवीत सांडतोच. वाल्मिक घरी असता तर म्हणाला असता, "ताई, पिशवीनं जेवण व्हयनं, आते आम्हले वाढ." पण वाल्मिक, माझा धाकटा भाऊ, दिवाळीनंतर पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये कामाला गेला तो परत आला नव्हता. मिलवाले म्हणाले, पाळी संपवून गेटबाहेर पडला. पोलीस म्हणाले, जवान पोरगा आहे, येईल फिरून. सगळ्यांनी हात झटकले. आई मात्र एकच सांगायची, "तो 'येस' सांगीसन गया." घरातून निघताना आम्ही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या एका शब्दावर ती बाई तग धरून होती.

यंत्रमागांना सुट्टी होती. नवागामात मागांची खडखड इतकी अंगवळणी पडते की ती थांबली की कानच दुखायला लागतात. भर दुपारी गल्ली गप्प होती. आईच्या खोलीला खिडकी नाही. आत अंधार, आणि त्या अंधारात वाल्मिकच्या जुन्या कॉम्प्युटरचा निळसर उजेड. जिला साधा फोन बंद करता येत नाही, ती माझी आई त्याच्यासमोर बसली होती.

"माय, काय करी ऱ्हायनी?"

"पोऱ्यानं गेम."

तो गेम वाल्मिकने स्वतः बनवला होता. त्याला असलेच गेम आवडायचे, एखाद्या एकट्या वेड्याने घरी बसून केलेले. मारामारी नाही, गुण नाहीत, नुसतं भटकायचं. याच्यातला माणूस अंगठ्याएवढा होता. तो पत्र्यांवरून उड्या मारायचा, वाळत घातलेल्या साडीचा पदर धरून खाली तरंगायचा. पाण्याच्या पिंपावर पुन्हा पुन्हा उडी मारली की कावळा येऊन "भाकर दे" म्हणायचा. एका पडक्या भिंतीमागे शिरलं तर आत अख्खं बोरांचं झाड. कशाला? उगाच. मी विचारलं तेव्हा वाल्मिक म्हणाला होता, "ताई, तठे कोनी जास नही, म्हणीसन ठेवं." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या माणसाच्या कमरेला बॉबिन होती. चालेल तसा मागे पांढरा धागा सुटत जायचा. कितीही भटका, एक बटण दाबून ठेवलं की धागा गुंडाळत तो घरच्या उंबऱ्याशी परत यायचा. हे त्याने आईसाठी केलं होतं. आईचा जन्म मागावर गेला. तार, म्हणजे धागा, तुटला की जोडायचा, हेच तिचं काम. तिची गाठ डावखुरी, ज्वारीच्या दाण्याएवढी, दोन्ही शेंड्या एकाच बाजूला. कारखान्यात शंभर गाठींत ती ओळखू यायची.

"हाई देख," आई हळूच म्हणाली.

पडद्यावर आमच्या पांढऱ्या धाग्याशेजारी दुसरा एक धागा पडलेला होता. जांभळा. वाल्मिकने मला सगळा गेम दाखवला होता, त्यात जांभळा धागा नव्हता. तो पत्र्यांवरून, खाडीवरून, रेल्वेच्या रुळांवरून पुढे गेला होता. आई त्याच्या मागे निघाली. मला तिला उठवायचं होतं, जेवायला बसवायचं होतं. मी तिच्याशेजारी बसून राहिले.

हायवे आला. मिलची चिमणी आली. मिलच्या मागे रंगाच्या पाण्याचा हौद होता, आणि जांभळा धागा त्याच्या काठावरून आत उतरला होता. काठावर धागा तुटलेला. हौदातून वर आलेलं टोक नुसतं लोंबत होतं.

खोलीत वास आला. ओल्या कापडाचा, रंगाचा, आंबूस... मी डब्याकडे पाहिलं. डबा बंद होता.

"जोडना पडी," आई म्हणाली.

गेममध्ये गाठ मारायची सोय नव्हती. आईने बटणांवरून हात उचलला आणि बोटं हवेतच फिरवली, मागावर फिरवायची तशी. पडद्यावर पांढरं टोक आणि जांभळं टोक एक झालं. मग तिने गुंडाळायचं बटण दाबलं. एरवी तो छोटा माणूस पळत सुटायचा. आता तो पाठमोरा, वाकून, टाचा रोवून एकेक पाऊल घरी येऊ लागला.

"भार लागस वं..." आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मला त्या आनंदाचीच भीती वाटली.

मी बाहेर येऊन भटूला फोन केला. तो वाल्मिकबरोबरच मिलमध्ये होता. म्हटलं, मागचा हौद बघ, कसं कळलं ते विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी हौद उपसला. भटूचा फोन आला तेव्हा तो नुसता रडत होता.

मी आईला म्हटलं, पलसाण्याला जायचंय. काय झालंय ते सांगायला जीभ उचलली नाही. तिने बटणावरचा अंगठा काढला नाही. "मी येस नही. तो रस्तामा शे."

सरकारी दवाखान्यात मला एकटीला शवागारात नेलं. तोंडावरून कोण ते कळत नव्हतं. अंग जांभळं पडलेलं, रंगाचं. मनात आलं, हा दुसराच कोणी असू दे, कुणा दुसऱ्याच्या आईचा असू दे. देवा, इतकी वाईट मी तोवर कधी झाले नव्हते. मग कमरेकडे लक्ष गेलं. कमरेला धागा होता. जांभळा, आणि पुढे पांढरा. मधे डावखुरी गाठ, दोन्ही शेंड्या एकाच बाजूला. पांढरा धागा लोखंडी खाटेवरून खाली उतरून दाराकडे गेला होता, आणि ताणलेला होता.

"बेन, आ दोरो कापी नाखुं?" तिथल्या माणसाने विचारलं. त्याला प्रेत गुंडाळायचं होतं, धागा मधे येत होता.

मी मान डोलावली. त्याने कात्री लावली.

नवागामला पोचले तेव्हा माग पुन्हा चालू झाले होते. गल्लीत जांभळ्या पावलांचे ठसे होते. त्याचं काही वाटलं नाही. डाईंगमधली माणसं रंगलेल्या पायांनीच घरी येतात. आईच्या दारात चपला काढल्या आणि आत पाहिलं. छोटा माणूस पडद्यावरच्या उंबऱ्यात बसला होता. त्याच्या कमरेचा धागा वीतभर अंतरावर संपला होता.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा अंगठा अजून बटणावर होता.

"दारलगून उना व्हता तो," ती म्हणाली. "मी आवाज भी दिन्हा, ये बेटा... आनि तार तुटना. तुटना नही, कोनीतरी कापा. कोनी कापा वं, उज्ज्वला?"

मी मागे वळून पाहिलं. ठसे सगळे घराकडे येणारे होते, परत जाणारा एकही नव्हता. शेवटचा माझ्या चपलांशेजारी, उंबऱ्याला लागून. नुसता चवडा उमटला होता, पाय आत टाकायला उचलावा तसा. रंग अजून ओला होता.